दूरच्या जत्रेची ओढ



गेल्या रविवारी मिस्सा झाल्यावर आपल्या धर्मग्रामातला एक तरुण आमच्यापाशी थांबला. दोन वर्षे तो जर्मनीत, म्युनिक शहराजवळ नोकरीला होता. आईचे आजारपण सुरू झाले तसा परत आला आणि आता बीडमध्येच आहे. थोडा संकोचत तो म्हणाला, "फादर, हसू नका. सप्टेंबर संपत आला की मला तिकडच्या बिअरच्या जत्रेची फार आठवण येते. आता जाणे तर होणार नाही. पण मन लागत नाही. हे पाप आहे का?" हे पापनिवेदन नव्हते, व्हरांड्यातले बोलणे होते, आणि त्याची परवानगी घेऊनच आम्ही हे लिहीत आहोत.

आम्ही हसलोच. मग आमची आम्हालाच लाज वाटली, कारण त्याच्या डोळ्यांत पाणी होते.

ही जत्रा म्हणजे 'ऑक्टोबरफेस्ट'. १२ ऑक्टोबर १८१० रोजी बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या तेरेजा यांचे लग्न झाले. त्यानिमित्त गावाबाहेरच्या माळावर घोड्यांच्या शर्यती झाल्या. त्या माळाला आजही नवरीचेच नाव आहे. दरवर्षी सप्टेंबरच्या उत्तरार्धात नगराध्यक्ष लाकडी हातोड्याने पहिल्या पिंपाला तोटी ठोकतो आणि पुढचे सोळा-अठरा दिवस तिथे साठ लाखांवर माणसे येऊन जातात. बिअर फक्त म्युनिकमध्येच बनलेली, आणि मग एक लिटरचा. पाळणेवाले, दुकानवाले अशा जत्रेतल्या कष्टकऱ्यांसाठी एका तंबूत मिस्साही होते. हे त्या तरुणाने सांगितले तेव्हा आमचा चेहरा जरा सैल झाला, हे कबूल करतो.

आता आमच्या काही माताभगिनी म्हणतील, फादर दारूचे गुणगान करू लागले. नाही. दारूने आपल्या वस्तीतल्या किती घरांचे काय केले ते आम्ही अंत्यविधीच्या वेळी पाहतो, त्यावर निराळे लिहू. इथे प्रश्न ओढीचा आहे. जिथे जाणे शक्य नाही तिथल्या आनंदासाठी झुरावे का?

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना एपिक्टेटस नावाचा जुना विचारवंत वाचला होता. त्याचे म्हणणे, हिवाळ्यात अंजीर मागणारा मूर्ख. आपल्या भाषेत, चैत्रात बालाघाटची सीताफळे मागणारा मूर्ख. हंगाम गेला, विसरा. संत थॉमस अक्वायनस जरा बारकाईने पाहतो. त्याच्या मते आशेला चार गोष्टी लागतात. जे हवे ते चांगले असावे, पुढे मिळायचे असावे, मिळायला कठीण असावे आणि तरीही शक्य असावे. आमच्या या मुलाच्या ओढीत चौथी गोष्ट नाही. मग ती आशा नव्हे. पण जी आशा नाही ती लगेच मूर्खपणा ठरते का? तेव्हा परीक्षेत आम्ही 'होय' लिहिले असते. आज लिहिणार नाही.

कारण आम्ही त्याला विचारले, नेमके काय आठवते? बिअर चौथ्या क्रमांकावर आली. आधी आले बँडचे सूर, मग भाजलेल्या बदामांचा वास, आणि सगळ्यांच्या आधी आला बाक. लांबच लांब टेबल, दोन्ही बाजूंना बाक. तो एकटा उभा होता तेव्हा एका अनोळखी म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिले, शेजारच्याला कोपराने ढोसले आणि सगळी ओळ एकेक वीत सरकली. तो बसला. "फादर, कुणी आडनाव विचारले नाही. विचारले असते तरी त्यांना त्यातून काही कळले नसते."

बीड जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पंगतीत कुठे बसायचे हे आपल्या आजोबांना कुणीतरी दुसऱ्याने ठरवून दिले होते.

तिकडे सगळे आबादीआबाद आहे असे नाही. तिथेही तंबूंतली बरीच टेबले आधीच राखीव असतात, मग महाग असतो, आणि परक्या माणसाला वर्षाचे बाकीचे दिवस कसे जातात हे त्याने आम्हाला सांगितले आहे. पण त्या संध्याकाळी त्याला जागा झाली होती, तेवढे खरे.

गेल्या वर्षी त्याने घरीच जत्रा करून पाहिली. गच्चीवर खुर्ची, मोबाईलवर तीच गाणी, बिअरच्या दोन बाटल्या. पहिलीतच त्याला जास्त एकटे वाटू लागले. आम्हाला २०२० आठवले. कोरोनामुळे हरेगावची मतमाऊलीची यात्रा भरली नाही, तेव्हा आपण घरोघरी मातेच्या चित्रापुढे मेणबत्त्या लावल्या. एक आजी म्हणाल्या होत्या, "माय तीच, मेणबत्ती तीच, पण धक्के खायला माणसं न्हाईत." म्युनिकची जत्राही २०२० आणि २०२१ साली झाली नव्हती. आजींना आणि त्या मुलाला एकच गोष्ट मिळत नव्हती. गाणी, वास, चव हे सगळे घरी आणता येते. पण आपण स्वतःच आपल्यासाठी सरकू शकत नाही, ते शेजारच्यालाच करावे लागते.

म्हणून आम्ही त्याला सांगितले, पाप नाही. विसरायची खटपटही करू नकोस.

पण घरी आल्यावर आमचेच मन लागेना. म्युनिकमध्ये पहिले पिंप उघडते त्या सुमारास आपल्या वाड्यावस्त्यांवर मुकादम उचलीचे हिशेब करत फिरत असतो. दिवाळीच्या मागेपुढे कोयते निघतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, काही थेट कर्नाटकात. त्यांत आपल्या चर्चची कुटुंबे आहेत. नाताळच्या रात्री आपण गायनमंडळ लावून गव्हाणीपुढे उभे असतो तेव्हा ती कोपीत असतात, आणि पहाटे गाडी भरायची असते. सुट्टी मागितली तर खाडा धरला जातो. २०२० साली तर टाळेबंदीत कारखान्यांवर अडकलेल्या ऊसतोड मजुरांना गावी परतायची परवानगी मिळाली तेव्हा १२ एप्रिलचा ईस्टर होऊन गेला होता. आपल्या दोन यात्रा चुकल्या त्याचे आपण अजून बोलतो. त्यांचा नाताळ दरवर्षी चुकतो, आणि आपल्या करंज्यांतली साखर कुणी तोडलेल्या उसाची हे आपण विचारत नाही.

आम्हीही विचारले नव्हते. इतकी वर्षे नाताळच्या मिस्सेला पुढचे बाक अर्धे रिकामे दिसतात, आणि आम्ही ते 'गावाला गेलेत' एवढ्यावर सोडून देत आलो. गावाला नव्हे, गावाहून गेलेत. त्या मुलाने बाकाचे सांगितले नसते तर याही वर्षी आमच्या लक्षात आले नसते.

योसेफ पीपर या जर्मन कॅथलिक तत्त्वज्ञाने १९६३ साली सणावर एक लहानसे पुस्तक लिहिले. सण म्हणजे हे जग चांगले आहे याला मनापासून दिलेला होकार, असा त्याचा विचार. तो आम्हाला पटतो. फक्त असा होकार पाचटावर बसून देता येतो का, हे आम्ही फडात एक रात्र काढल्याशिवाय सांगू शकणार नाही.

तेव्हा नाताळनंतरच्या रविवारी संध्याकाळी आम्ही मिस्सेचे सामान घेऊन आपल्या कुटुंबांच्या फडावर जाणार आहोत. कोणती टोळी कुठे उतरली आहे हे ज्यांना फोनवरून कळते त्यांनी नोव्हेंबरअखेर सिस्टरांकडे लिहून द्यावे. जेवण तिथेच, जमिनीवर, त्यांच्या ओळीत बसून. फराळ न्यायचा, पण वाटून परत यायचे नाही. गाडी तो तरुण चालवणार आहे. ढोलकी आहे, वाजवणारा हवा. गाडीत सध्या चार जागा मोकळ्या आहेत, पाचवा आला तर सरकून बसू.

आपला,
धर्मगुरू