कोणाचीच नसलेली जागा

अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यात येतात. लोक तिथे चित्रे पाहायला जातात, पण त्यातली बहुतेक लेणी भिक्षूंच्या राहण्यासाठी कोरलेली आहेत. सहावे तर दुमजली आहे. सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात तपस्व्यांच्या निवासासाठी दिले. मधे खांबांचा प्रशस्त मंडप, कडेने अंगाला अंग लागेल अशा खोल्या. विनयाच्या, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या आचारसंहितेच्या, नियमांनुसार भिक्षूला खोली वापरायला मिळे, मालकी संघाची राही. खोल्या वाटून देणारा भिक्षूही संघच नेमी. दर पंधरवड्याला सर्वांनी पातिमोक्खासाठी, म्हणजे संघाच्या नियमांच्या पठणासाठी, एकत्र बसायचे, हे बंधन वेगळेच. नुसते जवळजवळ राहिल्याने माणसे एकमेकांची होत नाहीत. कोणाचीच नसलेली जागा आणि ती सर्वांनी वापरण्याचा नेम, दोन्ही लागतात, असे मला या रचनेवरून वाटते.

मुंबईच्या बीडीडी चाळींकडे पाहिले की हे आणखी पटते. 1920च्या दशकात सरकारने गिरणगावातल्या कामगारांसाठी तळमजला अधिक तीन मजल्यांच्या 207 इमारती बांधल्या. खोली 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. तिथला मंडप म्हणजे लांबलचक व्हरांडा. आता वरळीत त्या जागी चाळीस मजली टॉवर उभे राहिले. 2025च्या ऑगस्टमध्ये पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या मालकीच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. कोणाला कुठले घर, हे सोडतीने ठरले. सोडत निःपक्षपाती असते, मान्य. पण तिला शेजार दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, भिक्षूंनी घर स्वखुशीने सोडले होते, कामगार नाइलाजाने दाटीत राहिले. संडासाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला व्हरांड्याचे कौतुक सांगू नका. हा आक्षेप खराच आहे. चाळीच्या आठवणींनी गहिवरणारे बहुधा चाळ सोडून गेलेलेच असतात! पण अजिंठ्याच्या खोल्यांनाही दारे होती, बिजागरीच्या खाचा अजून दिसतात. एकांत आणि संघ यांचे वैर तिथे नव्हतेच. तेव्हा 500 फुटांचे घर आणि बंद होणारे दार हा रहिवाशांचा हक्क आहे, त्यात उणे काही नाही. दोष उंचीलाही देता येणार नाही. प्रश्न मजल्यावरच्या लिफ्टसमोरच्या जागेचा आहे: तिथे चार माणसांना बसता येईल एवढी रुंदी नकाशात ठेवायची की नाही, आणि ठेवली तर चपलांचे कपाट आधी कोण हलवणार.