जीर्णोद्धाराची नीति

वस्तु जुनी झाली म्हणजे तिचें काय करावें, हा प्रश्न वरवर पाहतां सोयीचा व खर्चाचा दिसतो. परंतु थोडा विचार केल्यास त्याच्या पोटीं नीतीचा प्रश्न दडलेला आढळतो. आमच्या घरांतील एक गादीची सागवानी खुर्ची दुरुस्तीस न्यावी लागली, तेव्हां हा अनुभव आम्हांस आला.

खुर्ची आमच्या वडिलांची. तिच्यावर बसून ते वाचीत व लिहीत. तिच्या उजव्या हातावर शाईचा एक डाग आहे. आमच्या पेठेंत बापलेकांचें एक जुनें दुकान आहे. वृद्ध मिस्त्री लाकूडकाम करतात, मुलगा गादी व कापड पाहतो. बैठकीचें कापड उसवल्यावर आंत मागच्या एका दुरुस्तीचें खरें रूप दिसलें. वर मखमल, खालीं चिंध्या. आणि सांध्यांत पांढरा गोंद ओतून वर खिळे ठोकलेले. मिस्त्री एवढेंच म्हणाले, "साहेब, ह्यानं पुढच्याचा विचार केला नाही."

गादीच्या पोटांत काय भरलें हें गिऱ्हाइकास सहसा दिसत नाहीं. तें पाहणारा बहुधा एकच, पुढचा कारागीर. त्याच्याशीं आपलें कांहीं नातें आहे काय? जुन्या कारागिरीचें उत्तर तिच्या साहित्यांतच आहे. जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून केलेला सरस ऊब व ओल लागतांच सुटतो, आणि जुन्या सरसावर नवा सरस धरतो. लाखेच्या पॉलिशाचेंही तसेंच. स्पिरिटांत विरघळविलेली चपडा लाख कापडाच्या बोळ्यानें पातळ थरांनीं चढवितात. नवा थर खालच्या थरास किंचित् विरघळवून त्याच्याशीं एकजीव होतो. उलट आजचे कित्येक गोंद व लेप एकदां बसले कीं सहजासहजीं निघत नाहींत. आमच्या खुर्चीचा सांधा उकलतांना लाकूडच थोडें फाटलें. सरस सुटतो हा त्याचा दोष म्हणून सांगतात, व दमट हवेंत तो दोष खराच. परंतु त्याच दोषामुळें खुर्ची पुनः उकलतां येते. आपल्या हातून चूक होईल, आपल्यामागून अधिक जाणता येईल, ही कबुली त्यांत आहे.

दुरुस्त झालेली वस्तु तीच कीं दुसरी, हा वाद प्राचीन आहे. थीसिअसच्या नौकेच्या कुजलेल्या फळ्या बदलीत अथेन्सकरांनीं ती जपली, आणि तत्त्वज्ञांस वादाचा विषय मिळाला, असें प्लूटार्क सांगतो. 'मिलिंदपञ्हां'त नागसेन राजास विचारतो कीं, रथ म्हणजे आंस, चाकें कीं दांडी? रस्किननें तर १८४९ सालीं जुन्या इमारतींच्या जीर्णोद्धारास असत्यच ठरविलें. हा आक्षेप बलवान् आहे. गेलेल्या कारागिराचा हात परत आणतां येत नाहीं. तथापि खुर्ची बसण्याकरितां असते. तिला न शिवणें म्हणजे अडगळींत टाकणें. जुन्या इमारतींच्या रक्षणार्थ १८७७ सालीं संस्था स्थापणाऱ्या विल्यम मॉरिसनेंही नित्याच्या निगेचा पुरस्कारच केला. आमच्या मतें असत्य दुरुस्तींत नाहीं. दुरुस्ती लपविण्यांत आणि पुढील हाताची वाट बंद करण्यांत आहे.

काम संपत आलें तेव्हां मुलानें विचारलें, "काका, डाग घासून काढू का?" आम्ही घुटमळलों. तो हात आम्हीं पाहिला आहे. आमच्या मुलांना मात्र आजोबा आठवत नाहींत, त्यांच्या लेखीं तो केवळ डाग. आमची माया त्यांच्यावर लादण्याचा आम्हांस काय अधिकार? परंतु विचारांतीं असें दिसलें कीं, डाग ठेवला तर तो काढण्याची मुभा त्यांना राहते. काढला तर ठेवण्याची मुभा कोणासच राहत नाहीं.

खुर्ची आतां घरीं आली आहे. बैठकींत काथ्या व कापूस आहे, सांध्यांत सरस आहे, आणि डाग लाखेच्या थराखालीं जागच्या जागीं आहे.