तीराचे स्वामित्व

वाराणसीतील शिंदे घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविला. मणिकर्णिकेला लागून असलेली ही जागा काशीतील सर्वांत मोलाच्या काठांपैकी एक. दौलतराव शिंद्यांच्या पश्चात राज्यकारभार पाहणाऱ्या बायजाबाईंनी तिथे अपार दगड रचविला, तो स्नानाला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी. आज वरळी, अलिबाग, गोवा येथे पाण्यासमोरचे घर ही श्रीमंतीची ठळक खूण झाली आहे. त्यामुळे एका जुन्या प्रश्नाला पुन्हा धार आली आहे: काठ कोणाच्या मालकीचा असू शकतो का?

धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांनी या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे. भाद्रपद कृष्ण चतुर्दशीला गंगेचे पाणी जिथवर चढते, तो नदीचा गर्भ. त्यापुढील दीडशे हात म्हणजे तीर आणि दोन्ही बाजूंचे दोन कोस म्हणजे क्षेत्र. प्रवाहापासून चार हातांपर्यंतच्या भूमीचा स्वामी नारायण, दुसरा कोणी नाही. तिथे दान स्वीकारणेही निषिद्ध. मिताक्षरेसारखा ग्रंथ स्वत्वाला, म्हणजे मालकीला, लौकिक व्यवहारातली गोष्ट मानतो. खरेदी, वारसा, वाटणी यांनी ते निर्माण होते. काठाच्या त्या पट्टीत हा व्यवहारच थांबावा, असा या निषेधाचा अर्थ लावता येतो.

मग संपन्न माणसाने काठावर काय करावे? शास्त्राचे उत्तर ‘पूर्त’ हे आहे: विहिरी, तळी, देवालये, धर्मशाळा बांधून त्यांचा उत्सर्ग करावा. दानात वस्तू एका विशिष्ट व्यक्तीच्या स्वाधीन होते. उत्सर्गात घेणारा ठरलेला नसतो. कर्ता आपले स्वत्व सोडतो आणि वस्तू सर्वांची होते. त्यानंतर त्याने तळ्यात स्नान केलेच, तर तो सर्वांपैकी एक म्हणून करतो. काशीचे मराठी घाट याच विचाराच्या परंपरेत बसतात. अहिल्याबाई होळकर, नागपूरकर भोसले, पेशवे, शिंदे यांनी घाट बांधले. त्यांत कीर्तीची इच्छा होती, घाटांवर स्वतःचे वाडेही उभे राहिले. तरी पायऱ्या खुल्या राहिल्या.

आजच्या बाजाराचे तर्कशास्त्र उलट आहे. काठ वाढवता येत नाही, म्हणून त्याची टंचाई हेच त्याचे मूल्य. पूल किंवा रस्ता झाला की दूरचा किनाराही महागतो. २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला शिवडी–न्हावा शेवा सागरी सेतू हे त्याचे जवळचे उदाहरण. विकले जाते ते घर कमी, समोरचे पाणी अधिक; आणि ते पाणी विकणाऱ्याचे कधीच नव्हते. काशीतही हे वारे पोहोचले आहे. नागपूरकरांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेली वास्तू पुढे दरभंग्याच्या राजांकडे गेली आणि आता ती आलिशान हॉटेल आहे.

आधुनिक कायदा वेगळ्या वाटेने जुन्या उत्तराजवळ येतो. १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या किनारपट्टीतील बांधकामावर निर्बंध आणले. नंतरच्या अधिसूचनांनी ते काही ठिकाणी सैलही केले. बियास नदीकाठच्या एका रिसॉर्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व मान्य केले: नद्या, किनारे यांचे शासन हे मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे. नारायणाचे स्वामित्व आणि जनतेचे स्वामित्व यांची अधिष्ठाने निराळी आहेत, पण दोन्ही एकच गोष्ट नाकारतात: काठ एकट्याचा असणे.

यावर आक्षेप येतो की घर घेणाऱ्याने पूर्ण किंमत मोजलेली असते. ते खरे आहे आणि घरावरचा त्याचा हक्क अबाधित आहे. मात्र त्या हक्कातून कोळ्याची होडी ओढण्याची वाट किंवा वाळूवरून चालणाऱ्याचा मार्ग बंद करण्याचा अधिकार निपजत नाही. शिवाय पाण्यापुढे सत्तेचाही दावा टिकत नाही. शिंदे घाट स्वतःच्या वजनाने खचला. १९३७ मध्ये शिंदे घराण्याला तो पुन्हा बांधावा लागला. लगतचे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही कललेले आहे आणि वर्षाचा बराच काळ त्याचा गाभारा पाण्यात असतो. म्हणून काठाजवळ राहणाऱ्याचे नाते मालकापेक्षा राखणदाराचे असणे हे धर्मालाही धरून आहे आणि न्यायालाही.