ठिणगी नाही, हे कशावरून?

जुन्या पेट्रोल मोटारीचा सेल्फ फिरतो, इंजिन घरघरते, पण पेट घेत नाही, तेव्हा मिस्त्रीला प्रथम ठिणगी पडते की नाही याचा निर्णय करावा लागतो. आणि ‘नाही’ हे ज्ञान माणसाला कोणत्या साधनाने होते, हा भारतीय दर्शनांतील फार जुना वाद आहे. जे आहे ते डोळ्यांना दिसते हे सांगणे सोपे, परंतु जे नाही त्याच्याशी डोळ्यांचा संबंध यावा कसा, या प्रश्नाला नैयायिक, मीमांसक, बौद्ध आणि वेदान्ती या सर्वांना तोंड द्यावे लागले, आणि ईश्वर दिसत नाही एवढ्यावरून तो नाही असे म्हणता येईल काय, याचे उत्तरही त्याच्याशी बांधले गेले. पंढरपुरात, जेथे देव दिसतो अशी लाखोंची श्रद्धा आहे, हा प्रश्न मोटारीच्या निमित्ताने तपासणे अस्थानी ठरू नये.

उदाहरणादाखल प्रीमियर पद्मिनी घेता येईल. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, त्यांच्या निधनानंतरच्या काळात, फियाटच्या ११०० या मोटारीवरून ही गाडी बनू लागली आणि १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले. हिच्यात बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह ‘कॉइल’च्या जाड तारेच्या वेटोळ्यातून वाहतो, आणि डिस्ट्रिब्यूटरमधील ‘पॉइंट’, म्हणजे फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्यांमुळे उघडझाप करणारी संपर्काची दोन टोके, उघडताच तो एकाएकी तुटतो. त्या तुटण्यामुळे बारीक तारेच्या दुसऱ्या वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्टपर्यंतचा दाब निर्माण होतो आणि रोटर व वायर यांच्यामार्फत प्लगपर्यंत जाऊन त्याच्या टोकाशी ठिणगी पडते. पॉइंटमधील फट जेमतेम ०.४ मिलिमीटर असते, आणि इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर चार सिलिंडरांसाठी सेकंदाला शंभर वेळा ही उघडझाप व्हावी लागते. येथे ठिणगीच्या कारणांत प्रवाहाचे तुटणे, म्हणजे एक अभाव, गणावा लागतो, ही गोष्ट अभावाला स्वतंत्र पदार्थ मानणाऱ्या वैशेषिकांना नक्कीच आवडली असती.

परीक्षेची रीत सर्वांच्या परिचयाची आहे: प्लग काढून त्याला वायर जोडतात, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवतात आणि सेल्फ मारतात, ठिणगी दिसली नाही तर ‘करंट येत नाही’ असा निर्णय होतो. कुमारिल भट्टांचे अनुयायी मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती या न दिसण्याला ‘अनुपलब्धि’ असे नाव देऊन ते ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानतात. नैयायिक मात्र अभावही प्रत्यक्षानेच कळतो असे म्हणून अनुपलब्धीला प्रत्यक्षाचे साहाय्यक ठरवतात. मतभेद असला तरी एका अटीवर दोघांचेही एकमत आहे, आणि वादातील मोलाचा भाग तोच आहे. केवळ न दिसणे पुरेसे नसून ते ‘योग्य’ असले पाहिजे, म्हणजे वस्तू तेथे असती तर या परिस्थितीत ती दिसलीच असती असे म्हणता आले पाहिजे. काळोखात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे ठरत नाही.

या अटीच्या कसोटीला मिस्त्रीचा निर्णय लावला तर त्यातील कच्चेपणा उघड होतो. चंद्रभागेच्या वाळवंटालगत, भर उन्हात, उभ्या केलेल्या गाडीवर ही परीक्षा केली तर मंद, तांबूस ठिणगी पडूनही दिसणार नाही, म्हणून जाणता मिस्त्री आधी सावली करतो. प्लगचे अंग गंजलेल्या किंवा रंग दिलेल्या जागी टेकवले असेल तर ठिणगी न पडण्याचे कारण परीक्षेतच असते. पॉइंटपर्यंत प्रवाह येतो का हे पाहण्यासाठी टेस्ट लॅम्प लावतात. पॉइंट उघडे असताना तो पेटला पाहिजे आणि न पेटल्यास वरून येणारा प्रवाहच तुटलेला असू शकतो किंवा पॉइंटला जोडलेला कंडेन्सर आतून शॉर्ट असू शकतो. परंतु लॅम्पचा बल्बच गेला असेल तर? म्हणूनच तो आधी बॅटरीच्या दोन टोकांना लावून पेटतो हे पाहण्याची शिस्त असते. उलट, ठिणगी दिसली तरी सारे संपत नाही. सिलिंडरच्या आत दाबलेल्या वायूत ठिणगी पडण्यास मोकळ्या हवेपेक्षा अधिक विद्युतदाब लागतो, त्यामुळे बाहेर दिसलेली ठिणगी आतही पडते असे मानता येत नाही.

आषाढीच्या पावसात आणखी एक प्रसंग उद्भवतो. कॉइल, पॉइंट, प्लग सारे ठीक असते, पण डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणात दमटपणा शिरल्याने उच्च दाब भलत्याच वाटेने निघून जातो. नैयायिकांच्या परिभाषेत हा ‘प्रतिबंधक’, आणि त्यांच्या मते प्रतिबंधकाचा अभाव हेही कार्याचे एक कारण असते. विशिष्ट मण्याच्या, म्हणजे रत्नाच्या, सान्निध्यात अग्नी जाळत नाही, हे त्यांचे ठरलेले उदाहरण. मीमांसक तेथे अग्नीतील शक्ती नष्ट झाली असे मानतात, पण कोरड्या फडक्याने टोपण पुसताच गाडी सुरू होते हे पाहता नैयायिकांची बाजू अधिक सुटसुटीत वाटते.

आता ईश्वराकडे वळता येईल. दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास मिथिलेत झालेल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’च्या तिसऱ्या स्तबकात हीच अट ईश्वराच्या बचावासाठी वापरली: ईश्वर इंद्रियांना दिसण्याजोगा नाही, म्हणून त्याचे न दिसणे हे योग्य अनुपलब्धी नव्हे. मग सशाचे शिंगही नाकारता येणार नाही, या आक्षेपाला उत्तर असे की शिंग ही दिसण्याजोगी वस्तू आहे, त्यामुळे तिचे न दिसणे पुरेसे आहे. त्यांच्याही आधी सातव्या शतकात बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी, जे स्थळाने, काळाने किंवा स्वभावाने दूर आहे त्याच्या न दिसण्यातून फक्त संशय निष्पन्न होतो, असे सांगून ठेवले होते. उदयनांच्या युक्तिवादाने नास्तिकाचा एक पुरावा बाद होतो, याहून अधिक काही सिद्ध होत नाही. ईश्वर सिद्ध करण्यासाठी त्यांना अनुमानाकडेच जावे लागले, हे त्यांच्या चाहत्यांनी विसरू नये.

पंढरपूरच्या देवाला मात्र हा बचाव उपलब्ध नाही. वारकऱ्यांचा विठ्ठल विटेवर उभा आहे, तो दिसतो, भेटतो, असे परंपरा सांगते. म्हणजे तो दिसण्याजोगा आहे, आणि म्हणून ज्याला तो भेटत नाही त्याच्या तक्रारीला वजन आहे. विरहाचे अभंग या परंपरेत इतके मोठे स्थान मिळवतात ते यामुळेच असावे. यावर पाहणाऱ्याचा अधिकारच कमी पडतो असे नेहमीचे उत्तर दिले जाते, परंतु भेट झाली नाही म्हणून अधिकार नाही, आणि अधिकार नाही म्हणून भेट झाली नाही, असे म्हणणे हा न्यायशास्त्रात ‘अन्योन्याश्रय’, म्हणजे दोन गोष्टींनी एकमेकींच्याच आधारावर उभे राहणे, हा दोष ठरतो. टेस्ट लॅम्प ज्या तारेवर वापरायचा त्याच तारेवर पारखता येत नाही. अधिकाराची पारख दर्शनाहून वेगळ्या ठिकाणी व्हावी लागते, आणि संतांनी ती जागा दाखवलीही आहे: माणूस दुःखिताशी कसा वागतो हे पाहावे. या कसोटीने चोखामेळ्याचा अधिकार परंपरेने स्वतःच मान्य केला, त्यांचे अभंग गायिले, आणि तरीही त्यांच्या समाधीला जागा मिळाली ती महाद्वाराबाहेर. त्यांना आत न दिसलेल्या देवाचा दोष त्यांच्या डोळ्यांकडे नव्हता. मधला प्रतिबंधक, म्हणजे अस्पृश्यांना असलेली मंदिरप्रवेशाची बंदी, माणसांनी बसवलेला होता, आणि तो काढण्यासाठी मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले.