दुसरं मॅगझिन

राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, तेव्हापासून कोल्हापुरातल्या दोन चुलत बहिणींना पॉइंट टू टू पिस्तुलाचं वेड लागलं. चार-पाच वर्षं क्लबच्या पिस्तुलावर सराव झाला, परवाने हातात आले आणि स्वतःचं हत्यार घ्यायची वेळ आली.

धाकटीचा जीव एका जुन्या युरोपियन पिस्तुलावर जडला. अक्रोडाची मूठ, काचेसारखा तुटणारा ट्रिगर, पुठ्ठ्यावर पाच छिद्रं जवळजवळ एकात एक. मॉडेल कधीच बंद झालेलं आणि सोबत मॅगझिन एकच.

क्लबच्या प्रशिक्षक सरांनी पिस्तूल बाजूला ठेवलं, आधी मॅगझिन उचललं. "बाळ, नळी उत्तमच आहे. पण हे एक बिघडलं तर दुसरं कुणाचं लावणार?"

"सर, जपून वापरेन की."

सरांनी हाय स्टँडर्डची गोष्ट सांगितली. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्या अमेरिकन पिस्तुलानं सुवर्ण मिळवलं होतं. पुढं 1984 मध्ये कंपनी बंद पडली. त्यातही तिरक्या मुठीच्या पिस्तुलाचं मॅगझिन सरळ मुठीच्या पिस्तुलाला चालत नाही, नाव एकच असलं तरी. धाकटीनं ऐकलं, पण मन अक्रोडात गुंतलं होतं. थोरलीनं क्लबमध्ये होतं तेच मॉडेल घेतलं, मुठीचा रंग उडालेलं. सोबत तीन मॅगझिनं होती. तिनं त्यांवर नखपॉलिशनं एक, दोन, तीन असे आकडे घातले, म्हणजे अडकलं तर कुठलं अडकलं ते कळावं.

पॉइंट टू टूच्या काडतुसाच्या बुडाला कड असते. भरताना वरच्याची कड खालच्याच्या पुढं बसावी लागते. मागं राहिली की दोन्ही एकमेकांत अडकतात. काडतूस कोणत्या कोनात वर येईल हे मॅगझिनच्या तोंडाशी दुमडलेला पत्रा ठरवतो. तो केसभर सरकला तरी सगळं बिघडतं.

जिल्ह्याच्या स्पर्धेत धाकटीचा अचूकतेचा टप्पा झकास गेला. मधल्या वेळेत मॅगझिन हातातून निसटून फरशीवर पडलं. ओरखडासुद्धा दिसला नाही. जलद टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद समोर येतं, सात सेकंद वळतं. दुसऱ्याच गोळीला काडतूस नाक वर करून अडकलं. तिनं हात वर केला. पंचांनी नियमातली सवलत दिली, पण ती एका टप्प्यात एकदाच मिळते. पुढच्या सिरीजला पुन्हा तेच झालं आणि शून्यं पडत गेली.

थोरलीनं धावत येऊन आपलं मॅगझिन पुढं केलं. शेजारच्या दोघींनीही आपापली दिली. एकही आत जाईना.

"ताई, तुझं तरी बसायला हवं होतं गं," धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

पुढच्या आठवड्यात काका तिला घेऊन परवाना असलेल्या बंदूक-कारागिराकडे गेले. चाळीस वर्षांचा हात. त्यांनी भिंगातून पत्रा पाहिला, नखानं चाचपला.

"वाकलंय. सरळ करतो. पण किती करू? ह्याच्या जोडीचं दुसरं आणा, त्यावर माप घेतो."

"दुसरं नाहीये," काका म्हणाले.

"मग अंदाजानंच करावं लागंल."

अंदाजानं केलेलं मॅगझिन सावकाश सिरीजमध्ये चाललं, जलदमध्ये दर दोन-तीन सिरीजला अडत राहिलं. दोष ना कारागिराच्या हाताचा होता, ना पिस्तुलाचा. पोलाद अजूनही पहिल्याइतकंच नेमकं मारत होतं.

राज्य स्पर्धेला धाकटीनं क्लबचं पिस्तूल घेतलं. तालमीत तिचं एक मॅगझिन रुसलं, तेव्हा थोरलीनं आपल्या डब्यातलं तीन नंबरचं काढून दिलं. खट्‌कन बसलं. धाकटीनं हात पंचेचाळीस अंशांवर खाली आणला आणि लक्ष्य वळायची वाट बघू लागली.