शुद्धी कोणाच्या दारी?

महाड हे सावित्रीच्या काठचे गाव. पाण्याच्या शुद्धाशुद्धतेचा प्रश्न या गावाइतका तीव्रतेने दुसऱ्या कोणत्या गावाने क्वचितच अनुभवला असेल. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ते तळे सर्वांस मोकळे असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तरीही सनातनी मंडळींनी तळे बाटले असे ठरविले, आणि १०८ घागरी व दही, दूध, शेण, गोमूत्र यांच्या साह्याने मंत्रघोषात त्याची ‘शुद्धी’ केली. वाद न्यायालयात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने निर्णय दिला.

या प्रसंगाकडे सामाजिक अन्यायाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात शुद्धीच्या कल्पनेविषयीही एक धडा आहे. माणसाच्या ओंजळीने तळ्यात काहीच मिसळले नव्हते. पाण्यात जे नव्हते ते धुऊन काढण्यासाठी पाण्यात नसावे ते घातले गेले. ती शुद्धी पाण्याची नव्हतीच. करणाऱ्यांच्या मनाचे समाधान तेवढे तिने झाले.

आज त्याच महाडात रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत आहे. रोह्याजवळ धाटाव येथे आहे, तळोजे येथे आहे. रंग, औषधे आणि त्यांची मूलद्रव्ये तेथे तयार होतात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याच्या कासाडी नदीच्या परिसरात भटकी कुत्री निळ्या रंगाची झालेली लोकांनी पाहिली, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने रंगाच्या एका कारखान्यास काम थांबविण्याचा हुकूम केला. नव्वद वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात निर्मळ पाण्यात नसलेला विटाळ दिसला होता. आता विटाळ खरोखरीचा होता, आणि तो आमच्या ध्यानी आणून द्यावयास मुकी जनावरे निळी व्हावी लागली.

असे पाणी शुद्ध करण्याची रूढ रीत जंतूंची आहे. सांडपाण्यात हवा खेळवावी आणि सूक्ष्म जंतूंनी त्यातील घाण खाऊन टाकावी, ही पद्धत मँचेस्टर येथे १९१४ मध्ये पुढे आली व जगभर पसरली. परंतु रंगांचे व औषधांचे कित्येक रेणू जंतूंना पचत नाहीत. काही तर जंतूंनाच मारतात. यासाठी शास्त्रज्ञांनी दोन नवी साधने हाती घेतली आहेत. पहिले श्राव्यातीत ध्वनीचे. सेकंदास वीस हजारांहून अधिक कंपने असलेला ध्वनी पाण्यातून गेला की त्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन क्षणात कोसळतात. कोसळणाऱ्या बुडबुड्याच्या पोटात काही हजार अंशांचे तापमान निर्माण होते, आणि भोवतालचे पाणी मात्र जवळजवळ थंडच राहते. दुसरे साधन प्लाझ्माचे. म्हणजे पाण्यावर किंवा पाण्यात घडवून आणलेली एक लहानशी वीजच. दोहोंचा परिणाम एक : पाण्याचा रेणू फुटून त्यातून हायड्रॉक्सिल नावाचा अत्यंत उग्र घटक सुटतो, आणि तो समोर येईल त्या सेंद्रिय रेणूस तोडत सुटतो. बुडबुड्यांच्या या विद्येवर मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत बराच अभ्यास झालेला आहे.

येथे कोणी म्हणेल, ‘मग प्रश्न मिटलाच! घाण करण्याचे भय कशाला? धुण्याचे साधन मिळाले.’ आमचे म्हणणे नेमके येथेच आहे. प्रायश्चित्त ठाऊक आहे म्हणून पाप करणाऱ्याला आपल्याकडे कोणी धर्मशील म्हटलेले नाही. पश्चात्ताप आणि ‘पुन्हा करणार नाही’ हा निश्चय यांवाचून प्रायश्चित्त म्हणजे नुसता व्यापार होय. उपायाची उपलब्धता ही अपराधाची सनद नव्हे. उलट ती निमित्त हिरावून घेते. ‘करता येत नव्हते’ असे म्हणण्याची सोय काल होती, ती आज उरली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या साधनांना वीज फार लागते. लहान कारखानदाराने ती कोठून आणावी, आणि कारखाना बुडाल्यास मजुराने काय खावे? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. परंतु शास्त्र काय सांगते ते पाहावे. सगळ्या वसाहतीचे पाणी एकत्र झाल्यावर त्या प्रचंड ओघावर ही वीज खर्चणे वेडेपणाचे आहे. जेथे घाण थोड्या पाण्यात दाटलेली असते, म्हणजे ज्या पिंपातून ती निघाली त्याच्याशेजारी, तेथे ही साधने परवडू शकतात. तेथे कठीण रेणू फोडावेत आणि उरलेले काम स्वस्त जंतूंकडे सोपवावे. नीतीही तेच सांगते : ज्याची घाण त्याने आपल्या दारातच धुवावी. इतका पूर्ण मेळ शास्त्र आणि नीती यांचा सहसा आढळत नाही. अर्थात त्या रंगाचे कापड नेसणाऱ्या आणि ते औषध घेणाऱ्या आम्हीही, त्याची किंमत दोन पैशांनी वाढल्यास, कुरकुर करता कामा नये.

आणखी एक सावधगिरी. रेणू अर्धवट तुटला तर पाण्याचा रंग जातो, पण उरलेले तुकडे कधीकधी मूळ द्रव्याहूनही विषारी असतात. रंग गेला म्हणजे विष गेले असे नव्हे. डोळ्यांस दिसण्यापुरती शुद्धी करून थांबणारा आणि १०८ घागरींनी समाधान पावणारा, हे दोघे आमच्या मते एकाच जातीचे. दोघांनाही पाण्याशी कर्तव्य नाही.

सावित्री महाबळेश्वरी उगम पावते आणि महाडावरून वाहत बाणकोटच्या खाडीने समुद्रास मिळते. खाडीचे पाणी एका दिशेने वाहून जात नाही. ओहोटीबरोबर गेलेले भरतीबरोबर पुन्हा वर येते. ‘सोडले आणि गेले’ ही भाषा तेथे खोटी ठरते. १९२७ साली पाणी शुद्ध की अशुद्ध हे ज्यांनी ठरविले, त्यांच्यावर त्या निर्णयाचा काहीच भार पडला नाही. भार पडला तो तळ्यावर जाऊ न शकणाऱ्यांवर. आजही तसेच घडू द्यावयाचे नसेल, तर शुद्धीचा दाखला केवळ कारखान्याच्या कागदावर असून भागणार नाही. ज्याचे जाळे त्या खाडीत पडते आणि ज्याच्या घरी तेच मासे शिजतात, त्याला तो दाखला मागण्याचा, तपासण्याचा आणि नाकारण्याचा अधिकार असला पाहिजे. यंत्र कोणतेही असो. हा अधिकार नसेल तेथे शुद्धी झाली असे आम्ही म्हणणार नाही.