फळीवर आता कोण?

गेल्या जुलैमध्ये आपल्या धर्मग्रामातील आम्ही काही जण लूर्दच्या यात्रेला गेलो होतो. लूर्दहून संत जॉन व्हियानींच्या आर्स गावाकडे जाताना वाटेत तिएर हे गाव लागले. फ्रान्सच्या मध्यभागी डोंगरउतारावर वसलेले हे गाव जवळजवळ सहाशे वर्षे चाकूसुऱ्या बनवत आले आहे. आजही फ्रान्समध्ये तयार होणारे बहुतेक चाकू इथलेच. तिथे थांबायचे ठरले तेव्हा बसमध्ये थोडी कुरकुर झाली. "यात्रेला निघालो आणि चाकू काय बघायचे?" असे एक मावशी म्हणाल्या. "सुरीशिवाय रविवारचे मटण होते का, मावशी?" असे मागून कुणीतरी विचारले. सगळे हसले आणि उतरले.

गावाच्या वरच्या अंगाला ड्युरॉल नावाची छोटी पण खळाळती नदी आहे. एके काळी तिच्या काठाने पाणचक्क्यांची रांग होती. पाण्याने चाक फिरायचे, चाकाने धार लावायचे मोठे गोल दगड फिरायचे. आपल्याकडे वाडी शिंपायला रहाट होता, तसा त्यांचा संसार या चाकावर चालायचा. पुढे वीज आली, कारखाने आले आणि एकेक चाक थांबत गेले. शेवटचे थांबले १९७६ साली. ते लिओने कुटुंबाचे होते. त्यांची ती दगडी खोली आता संग्रहालय म्हणून जपली आहे.

आत शिरल्यावर आम्ही शिकलगाराचे बसायचे ठिकाण शोधू लागलो. तसे ठिकाणच नव्हते. दगडाच्या वर एक लाकडी फळी होती. माणूस त्या फळीवर पालथा पडायचा. तोंड दगडाकडे, दोन्ही हात खाली, हातांत पाते. ओल्या दगडावर अंगाचा भार देऊन तो दिवसभर धार काढायचा. खालून पाण्याचा गारवा, हिवाळ्यात तर हाडे गोठायची. म्हणून पायांवर कुत्रा बसवायचा, त्याची ऊब मिळावी म्हणून. दगडाचा पिवळा चिखल कपड्यांना लागायचा, त्यावरून या लोकांना 'पिवळ्या पोटाचे' असे नाव पडले. फिरता दगड कधी फुटलाच, तर पळायला वाव नाही.

आमच्यातले एक वयस्क काका गहिवरून म्हणाले, "असे कष्ट करणारी माणसे आता राहिली नाहीत. आताच्या पोरांना काही नको."

त्यांच्या शेजारी त्यांचाच नातू उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, तुम्ही मला या फळीवर झोपवले असते का?"

काका काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही.

बसमध्ये परत बसल्यावर तो प्रश्न आमच्या मागे लागला. एखादी कला संपली की आपण हळहळतो. पण ज्या कलेने माणसाचे अंग झिजवले, ती संपली म्हणून हळहळणे योग्य का? आईवडिलांचा मान राखावा, ही आपली चौथी आज्ञा. मान राखणे म्हणजे त्यांच्याच फळीवर आडवे होणे का?

आम्हाला तसे वाटत नाही. आपल्या वाडवडिलांनी पहाटे उठून वाड्या शिंपल्या, केळीचे घड, पाने आणि भाजी डोक्यावरून वाहिली, ती मुलांनीही तेच ओझे उचलावे म्हणून नव्हे. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन आपल्याला शाळेत घातले. आपण त्यांच्या ओझ्यातून सुटलो, तर त्यात त्यांचा अपमान नाही. ती त्यांचीच इच्छा होती. त्या कष्टांचे आज गोडवे गाताना हे विसरता कामा नये.

मग त्यांच्याकडून घ्यायचे ते काय? तिएरचा चाकू एका हाताचा नसतो. लोहार पाते घडवायचा, शिकलगार धार काढायचा, दुसरा कुणी ते चकचकीत करायचा, आणखी कुणी मूठ बसवायचा. पात्यावर खूण उमटायची ती कारागीर मालकाची. फळीवरच्या माणसाचे नाव कुठेच नसायचे. आपले नाव कुणाला कळणार नाही हे ठाऊक असूनही त्याने धार नीट काढली. हा वारसा मात्र ऑफिसात, बँकेत, इस्पितळात, कुठेही नेता येतो.

पण अजून एक गोष्ट आम्हाला टोचत राहिली. फळी रिकामी झाली की कष्ट संपतात, असे थोडेच आहे? बाजारात आपण पन्नास रुपयांची सुरी घेतो. ती कुणाच्या तरी हातांनी घासलेली असते, कुठल्या तरी धुळीने भरलेल्या खोलीत. आपल्या वाड्यांचेच पाहा. आपली मुले वाडीत उतरत नाहीत, तरी वाडी चालते. कुणीतरी वाकते आहे, कुणाच्या तरी खांद्याला घड टेकलेला आहे. बांधकामावर कुणाची तरी बाई डोक्यावर विटा वाहते आहे. आपण फळीवरून उठलो आणि तिथे दुसऱ्याला झोपवले. त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे का? त्याची मजुरी वेळेवर देतो का? पाठ धरली तर त्याला एक दिवस घरी राहू देतो का?

आपल्या लेकराला सोसायला लागू नये असे वाटणे ही माया आहे. ज्याला आपल्या जागी सोसावे लागते, त्याच्या लेकराविषयीही तसेच वाटणे हा न्याय आहे. पहिले आपल्याला आपोआप जमते. दुसरे शिकावे लागते.

आम्ही परतलो त्याच्या दुसऱ्या आठवड्यात ते काका भेटले. त्यांच्या वाडीत बारा वर्षे एक माणूस कामाला आहे. काका म्हणाले, "त्याच्या मुलाला कितवीत टाकले आहे, ते मी परवा पहिल्यांदा विचारले."

बारा वर्षांनी का होईना, विचारले. आज घरी गेल्यावर आपणही कुणाला तरी विचारू या.